तिसऱ्या खुर्चीचा हिशेब: तरुण संशोधकांच्या आंतरशाखीय गटांना पैसा देण्याचं एक प्रकरण

समजा, अनुदानाची रक्कम ठरलेली आहे: १,८०,००० डॉलर. दोघींनी मिळून अर्ज केला तर वाट्याला प्रत्येकी ९०,०००. तिसऱ्याला सोबत घेतलं तर ६०,०००. दोघींपैकी एक रसायनशास्त्रातली, दुसरी मटेरियल सायन्समधली, म्हणजे पदार्थांची रचना आणि टिकाऊपणा अभ्यासणारी. हवेच्या प्रवाहाचं गणित करणारा इंजिनिअर सोबत नसेल तर आपलं काम परीक्षानळीच्या पलीकडे जाणार नाही, हे दोघींना पक्कं ठाऊक आहे. तरी त्या त्याला बोलावतील का? नोकरीला तीन वर्षं झाली आहेत, कायम करायचं की नाही याचा निर्णय आणखी तीन वर्षांनी व्हायचा आहे, आणि एका पीएचडी विद्यार्थ्याचा खर्च दर महिन्याला समोर उभा आहे. पदरचे तीस हजार मोजून तिसऱ्यासाठी खुर्ची कोण ओढेल? मग प्रस्तावाच्या शेवटी 'आवश्यकतेनुसार तज्ज्ञांचे मार्गदर्शन घेतले जाईल' अशी एक ओळ येते आणि इंजिनिअरचा विषय तिथेच मिटतो.

हा हिशेब कुठल्याही नियमावलीत लिहिलेला नसतो. तिथे उलट 'आंतरविद्याशाखीय प्रस्तावांना प्राधान्य' असं ठळक अक्षरांत छापलेलं असतं. नुसतं छापून भागत नाही हे २०१६ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आलेल्या एका अभ्यासाने आकड्यांनिशी दाखवलं. ऑस्ट्रेलियन रिसर्च कौन्सिल या तिथल्या सरकारी अनुदान संस्थेच्या एका मोठ्या योजनेकडे पाच वर्षांत आलेले १८,४७६ प्रस्ताव तपासले, तेव्हा दिसलं की प्रस्तावातल्या शाखा एकमेकींपासून जितक्या लांबच्या, तितकी मंजुरीची शक्यता कमी. मला यात नवल वाटत नाही. रसायनशास्त्राच्या परीक्षकाला त्यातलं रसायनशास्त्र साधं वाटतं, इंजिनिअरिंगच्या परीक्षकाला त्यातलं इंजिनिअरिंग बाळबोध वाटतं, आणि दोन्ही जोडून जे नवं होतंय ते ओळखणारं समितीत कुणी नसतं. त्यात अर्जदार तरुण असतील तर 'प्राथमिक निष्कर्ष कुठे आहेत?' हा ठेवणीतला प्रश्न आहेच. ज्या दोघांनी आजवर एकत्र काम केलेलं नाही, त्यांच्याकडे एकत्र कामाचे निष्कर्ष कुठून असणार?

इथे ज्या प्रकरणाचा अभ्यास करायचा आहे ते आहे अमेरिकेतल्या 'सायलॉग' नावाच्या उपक्रमाचं. सायन्स आणि डायलॉग हे दोन शब्द जोडून केलेलं हे नाव आहे. नाव ऐकून चर्चासत्राचा वास येतो, आणि सुरुवातीला मीही ते तसंच काहीतरी समजून बाजूला ठेवलं होतं. पण त्याचे नियम एकेक करून वाचत गेलं की लक्षात येतं, कुणीतरी वर मांडलेला हिशेब नीट ओळखून तो उलटा फिरवला आहे.

धूर पकडणारा प्राध्यापक

सायलॉग चालवणारी संस्था 'रिसर्च कॉर्पोरेशन फॉर सायन्स अॅडव्हान्समेंट'. आज तिचं मुख्य कार्यालय अॅरिझोनातल्या टूसॉन शहरात आहे. स्थापना झाली १९१२ साली, न्यूयॉर्कमध्ये. संस्थापक फ्रेडरिक गार्डनर कॉट्रेल हे बर्कलीला कॅलिफोर्निया विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवत. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठच्या कारखान्यांतून सल्फ्युरिक आम्लाचं धुकं आणि धातू गाळणाऱ्या भट्ट्यांचा धूर बाहेर पडायचा, आणि आसपासचे शेतकरी कोर्टात जायचे. धुरातल्या कणांना विद्युतभार देऊन ते खेचून घ्यायचे ही कल्पना कॉट्रेल यांची नव्हे. ब्रिटनमध्ये ऑलिव्हर लॉज यांनी १८८० च्या दशकात शिशाच्या भट्टीवर तसा प्रयत्न केला होता. तो फसला. पुरेशा ताकदीची वीज अखंड पुरवणारं यंत्र तेव्हा हाताशी नव्हतं, हे त्यामागचं एक मोठं कारण.

कॉट्रेल यांना दोन गोष्टी साधल्या. पहिली म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून उच्च दाबाची वीज घेऊन एका फिरत्या यंत्राने ती एकाच दिशेने वाहती करायची. हे सरळ सरळ विद्युत अभियंत्याचं काम. दुसरी निव्वळ नजरेची. संधिप्रकाशात प्रयोग चालू असताना टेबलावरून गेलेल्या, सुताने गुंडाळलेल्या तारेवर त्यांना लांबच्या लांब जांभळट उजेड दिसला. सुताचे उसवलेले बारीक तंतू उजळले होते. प्रत्येक तंतू म्हणजे एक अतिसूक्ष्म टोक, आणि अशा हजारो टोकांतून भार सगळीकडे सारखा हवेत उतरत होता. पुढे सुताऐवजी आम्लाला आणि उष्णतेला टिकणारं अॅस्बेस्टॉस आणि अभ्रक आलं, १९०८ साली पेटंट मिळालं, आणि कारखान्यांच्या धुराड्यांवर ही यंत्रं बसू लागली. पैसा येणार हे दिसत असताना कॉट्रेल यांनी पेटंटाचे हक्क स्वतःकडे ठेवले नाहीत. वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन या संशोधन आणि संग्रहालय संस्थेचे प्रमुख चार्ल्स वॉलकॉट यांच्या मदतीने त्यांनी एक संस्था काढली आणि उत्पन्न संशोधनाकडे वळवलं.

हा इतिहास मी कौतुकापोटी सांगत नाही. ज्या संस्थेचा पहिला पैसाच रसायन, वीज आणि धुराडं यांच्या सांध्यातून आला, तिला पुढे शंभर वर्षांनी सांध्यांमध्ये पैसा घालावासा वाटला, एवढंच दाखवायचं आहे. आणि रक्कम लहान असली तरी वेळ साधली तर काय होतं हेही या संस्थेने एकदा पाहिलं होतं. १९३१ साली बर्कलीच्याच अर्नेस्ट लॉरेन्स यांना सायक्लोट्रॉन, म्हणजे चुंबकाच्या मदतीने अणूतले कण गोल फिरवत वेगवान करणारं यंत्र, मोठा करायचा होता. ते तेव्हा जेमतेम तीस वर्षांचे. फेडरल टेलिग्राफ या रेडिओ कंपनीकडे ८० टनी चुंबक वापराविना पडून होता, तो मिळाला. पण चुंबक फुकट मिळणं आणि तो कामाचा होणं यात अंतर असतं, आणि ते अंतर भरायला रिसर्च कॉर्पोरेशनने ५,००० डॉलर दिले. आणखी काही रक्कम दुसऱ्या संस्थेने घातली. भौतिकशास्त्रज्ञाची कल्पना, रेडिओ इंजिनिअरांचं लोखंड आणि रसायनशास्त्रज्ञाच्या पेटंटाचा पैसा. १९३९ साली लॉरेन्स यांना नोबेल मिळालं.

बैठकीचे नियम

सायलॉग सुरू झाला २०१० मध्ये. पहिला विषय सौरऊर्जेचं रूपांतर. त्यानंतर ऊर्जेची साठवण, पेशीतली रासायनिक यंत्रणा, वातावरणातून कार्बन काढणं, विश्वातल्या जीवसृष्टीच्या खुणा, प्रयोगशाळांचं स्वयंचलन असे विषय होत गेले. प्रत्येक विषय साधारण तीन वर्षं चालतो. त्या विषयासाठी पन्नासेक तरुण प्राध्यापक 'फेलो' म्हणून निवडतात, बहुतेक अमेरिका आणि कॅनडातल्या विद्यापीठांतले, स्वतःची लॅब उभी करून काहीच वर्षं झालेले. वर्षातून एकदा सगळे दोन-तीन दिवस एका जागी येतात. सोबत काही ज्येष्ठ शास्त्रज्ञ असतात. त्यांनी भाषणं ठोकायची नाहीत, चर्चा पुढे ढकलायची.

पहिल्या दिवशी मोठ्या सभागृहातलं बोलणं थोडं आणि छोट्या खोल्यांतलं जास्त. तिघा-चौघांचे गट आयोजक पाडतात, आणि ते पाडताना ओळखीची माणसं एकत्र येऊ नयेत याकडे लक्ष दिलेलं असतं. मग दुसऱ्या दिवसाच्या आसपास लोकांना कळतं की उद्या सकाळपर्यंत प्रस्ताव लिहून द्यायचा आहे, म्हणजे माहीत सगळ्यांना आधीपासून असतं, पण कळतं तेव्हा. गट दोघांचा किंवा तिघांचा. अट अशी की गटातल्यांनी आधी एकत्र काम केलेलं नसावं. एका माणसाने दोनापेक्षा जास्त प्रस्तावांत नाव घालायचं नाही. प्राथमिक निष्कर्ष मागत नाहीत. प्रस्ताव थोडक्या पानांचा. रात्रीतून लिहून होतो, सकाळी काही मिनिटांत सगळ्यांसमोर मांडायचा असतो. निवडीसाठी बैठकीतल्या ज्येष्ठांचं मत घेतात, आणि निकालाला वर्ष लागत नाही.

मंजूर झालेल्या गटातल्या प्रत्येकाला स्वतंत्र अनुदान मिळतं, माणशी साधारण ५० ते ६० हजार डॉलर. तिघांचा गट असेल तर तिघांच्या विद्यापीठांकडे तीन वेगळी पत्रं जातात. मुख्य संशोधक एक आणि बाकीचे त्याच्या खात्यातून पैसे मागणारे, असा प्रकार नाही.

आधी एकत्र काम केलेलं नसावं ही अट वाचून पुष्कळ अनुभवी माणसं भुवया उंचावतील. एरवी प्रस्ताव तपासताना आपण नेमकं उलटं पाहतो: या मंडळींनी आधी एकत्र पेपर लिहिले आहेत ना, एकमेकांना सांभाळून घेतील ना? ती चौकशी गैर नाही. पण तिच्यामुळे पैसा आधीच जुळलेल्या जोड्यांकडे जातो, आणि आधीच जुळलेल्या जोड्या बहुधा एकाच गाइडच्या हाताखाली किंवा एकाच विभागात जुळलेल्या असतात.

हवेतला कार्बन आणि एक प्रश्न

नियम कागदावर वाचून त्यांचं मोल कळत नाही, म्हणून एकच विषय जवळून पाहू. २०२० मध्ये आल्फ्रेड पी. स्लोन फाउंडेशन या खासगी देणगी संस्थेच्या सोबतीने सायलॉगने 'निगेटिव्ह एमिशन्स सायन्स' हा विषय घेतला. वातावरणात आधीच सोडलेला कार्बन डायऑक्साइड परत कसा काढून घ्यायचा, हा त्यातला प्रश्न.

कोळशावरच्या वीजकेंद्राच्या धुराड्यात दर दहा हजार रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे हजाराहून जास्त रेणू असतात. मोकळ्या हवेत चार. एक टन वायू मिळवायचा तर सुमारे १३ लाख घनमीटर हवा गाळावी लागेल, तीही त्यातला एकही रेणू निसटला नाही असं धरून. डोळ्यांपुढे आणायचं तर ११० मीटर लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच अशी हवेची पेटी. उष्मागतिकीच्या नियमांनुसार या कामाला टनामागे किमान १२० युनिट वीज लागते. प्रत्यक्षातली यंत्रं त्याच्या कितीतरी पट घेतात.

आता रसायनशास्त्रज्ञाच्या बाजूने पाहा. चार रेणू दहा हजारांतून वेचायचे म्हणजे शोषक पदार्थाने त्यांना घट्ट धरलं पाहिजे. घट्ट धरलं की सोडवायला तापवावं लागतं, आणि खर्च तिथेच होतो. सैल धरलं तर हवेतली वाफच जागा अडवून बसते. त्यामुळे रसायनशास्त्रज्ञ रेणूची पकड जमवण्यात वर्षं घालवतो आणि अखेर एक पांढरी पावडर घेऊन येतो, जिची ग्रॅममागची क्षमता जगात वरच्या क्रमांकाची असते. अशा वेळी छोट्या खोलीत समोर बसलेला इंजिनिअर साधारण असा प्रश्न विचारतो: 'या पावडरीतून तू हवा ढकलणार कशी?'

प्रश्न भोळा वाटतो, पण पाया हलवणारा आहे. बारीक पावडर दाबून बसवली की तिच्यातून हवा जायला दाब लागतो, दाबाला पंखे लागतात, पंख्यांना वीज लागते. १३ लाख घनमीटर हवेला प्रत्येक घनमीटरमागे जरासा जास्त दाब लागला तरी सगळं गणित कोसळतं. मग पावडर सोडून तोच रेणू मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या सच्छिद्र साच्यावर बसवता येईल का, असा विचार सुरू होतो. तिथे तिसरी, मटेरियल सायन्सवाली, विचारते की शंभर वेळा तापवून थंड केल्यावर हवेतल्या ऑक्सिजनने तो रेणू खाल्लेला नसेल कशावरून? रसायनशास्त्रज्ञाला याचं उत्तर माहीत नसतं, कारण त्याच्या शाखेत पेपर छापून यायला दहा चक्रं पुरतात.

हे संभाषण पंधरा मिनिटांचं आहे. एरवी ते व्हायला पाच वर्षं लागतात: पावडरीचा पेपर येतो, कुणी कंपनी ती घेऊन पाहते, जमत नाही, ती बातमी कुणाला कळत नाही, पुढच्या पावडरीवर काम सुरू होतं. माझ्या मते सायलॉग पैसा देऊन जे विकत घेतो ते हे पंधरा मिनिटांचं संभाषण लवकर घडणं. त्याच्या नंतरचे पन्नास हजार डॉलर हे दोघा-तिघांना पुन्हा बोलायचं निमित्त मिळावं म्हणून.

पहिलीच बैठक साथीच्या काळात, पडद्यावर झाली. एका परीने ही या उपक्रमाची परीक्षाच होती. समोरासमोरच्या बैठकीत आयोजकांनी पाडलेले गट चुकले तरी जेवणाच्या रांगेत, जिन्यात, बसची वाट बघताना माणसं आपली आपण जुळतात. पडद्यावर जिना नसतो. तिथे ज्या खोलीत तुम्हाला टाकलं तीच तुमची ओळख, त्यामुळे गट पाडण्याच्या कामाला दुप्पट वजन येतं.

गट पाडण्याला इतकं महत्त्व का, याला पुरावा आहे. हार्वर्डच्या वैद्यकीय शाखेत एका अनुदान योजनेच्या निमित्ताने संशोधकांनी प्रयोगच केला होता. इच्छुकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वेगवेगळ्या खोल्यांत विभागलं आणि दीड तासाचं माहितीसत्र घेतलं. एका खोलीत आलेल्या दोघांनी पुढे मिळून अर्ज करण्याची शक्यता इतर जोड्यांच्या तुलनेत ७५ टक्क्यांनी वाढली. दीड तास, आणि तोही चिठ्ठी टाकून! २०१७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. खुद्द सायलॉगच्या बैठकांमधल्या नोंदी घेऊन नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या गणितज्ञांनी एक प्रारूप तयार केलं, ते २०२२ मध्ये आलं. कोण कुणासोबत किती लहान गटात बसलं यावरून कोणाची जोडी जमेल याचा अंदाज बांधता येतो, असं त्यातून दिसलं. आपण संशोधनातल्या सहकार्याला विचारांची ओढ वगैरे म्हणतो. बऱ्याच अंशी तो बैठकव्यवस्थेचा प्रश्न आहे.

पैसा माणसामागे

आता सुरुवातीच्या हिशेबाकडे. सायलॉगमध्ये तिसऱ्याला घेतल्याने पहिल्या दोघींचा एक डॉलरही कमी होत नाही. प्रत्येकीचे ५५ हजार असतील तर ते ५५ हजारच राहतात. इंजिनिअरला खुर्ची देण्याची किंमत शून्य झाली, आणि प्रस्ताव भक्कम होतो तो फायदा वर.

याची तुलना 'ह्यूमन फ्रंटिअर सायन्स प्रोग्रॅम'शी करून पाहण्यासारखी आहे. १९८७ च्या व्हेनिस शिखर परिषदेत जपानने ही कल्पना मांडली, १९८९ मध्ये संस्था उभी राहिली, कार्यालय स्ट्रासबुर्गला. जीवशास्त्रातल्या मूलभूत प्रश्नांवर वेगवेगळ्या देशांतल्या आणि शाखांतल्या लोकांनी मिळून काम करावं म्हणून ती पैसा देते, आणि तरुणांसाठी तिचा वेगळा विभाग आहे: पीएचडीला दहा वर्षांच्या आत आणि स्वतंत्र लॅबला पाच वर्षांच्या आत असलेल्यांचा. तिथेही पूर्वी न झालेलं सहकार्य लागतं, तिथेही प्राथमिक निष्कर्षांची अट नाही. रक्कम गटाच्या आकाराप्रमाणे वाढते: दोघांना वर्षाला ३ लाख डॉलर, तिघांना ४ लाख, चौघांना ५ लाख, अशी तीन वर्षं. भागाकार केला तर माणशी दीड लाख, मग सुमारे १ लाख ३३ हजार, मग सव्वा लाख. म्हणजे तिसऱ्या खुर्चीची किंमत आहे, पण ती १७ हजार. ठरावीक रकमेच्या योजनेत तीच ५० हजार पडली असती. थोडी किंमत असावी हा विचार मला वाईट वाटत नाही. फुकट खुर्ची असली की तिच्यावर शोभेची माणसंही बसतात. सायलॉगने त्यावर इलाज म्हणून दोनच प्रस्तावांची मर्यादा घातली आहे: तुमचं नाव दोनदाच वापरता येतं, तर ते शोभेसाठी कशाला खर्चाल?

स्वतंत्र पत्रांचा मुद्दा बाहेरच्यांना किरकोळ वाटेल. आत काम केलेल्याला विचारा. एका विद्यापीठाकडून दुसऱ्याकडे उपअनुदान वळवायचं म्हणजे दोन्हीकडचे करार विभाग, दोन्हीकडचा ओव्हरहेड (विद्यापीठ स्वतःच्या खर्चापोटी कापून घेतं तो हिस्सा), आणि सही व्हायला लागलेले महिने, तेवढ्यात ज्या विद्यार्थ्याला घ्यायचं होतं तो दुसरीकडे गेलेला. त्याहून नाजूक गोष्ट अशी की पैसा ज्याच्या खात्यात, शब्द त्याचा. तिशीतल्या तीन प्राध्यापकांपैकी एकाला खजिनदार केलं की मैत्रीतला सारखेपणा पहिल्या खरेदीला संपतो.

जिथे शिवण उसवते

पन्नास-साठ हजार डॉलर ही रक्कम अमेरिकेत एका पीएचडी विद्यार्थ्याला फी आणि विद्यावेतन धरून साधारण वर्षभर पुरते. पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधकाला, तेवढीही नाही. म्हणजे प्रत्येक लॅबमध्ये एक माणूस, एक वर्ष. मोठा प्रस्ताव लिहिण्यापुरते निष्कर्ष हाती येतील एवढंच यातून अपेक्षित असतं, आणि मोठा प्रस्ताव जातो सरकारी संस्थेकडे, जिथे पुन्हा तेच परीक्षक बसलेले असतात: अर्धं रसायन साधं म्हणणारे आणि अर्धं इंजिनिअरिंग बाळबोध म्हणणारे. रोप लावायची सोय झाली, दुसऱ्या पावसाची नाही.

दुसरी अडचण अंतराची. १९९८ आणि १९९९ मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशन या अमेरिकी सरकारी संस्थेने पैसा दिलेल्या ६२ सहकार्य प्रकल्पांचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. अपेक्षा अशी असते की शाखा जास्त तेवढा गोंधळ जास्त. अभ्यासकांना आढळलं की शाखांपेक्षा विद्यापीठं जास्त असणं महागात पडतं. समन्वयाची कामं, भेटीगाठी, विद्यार्थ्यांची देवाणघेवाण, हे सगळं अंतरासोबत गळत जातं आणि निष्पत्ती घटते. सायलॉगचे गट बहुतेक सगळे वेगवेगळ्या विद्यापीठांतले असतात. अनोळखी असावं या अटीचाच तो परिणाम. दरवर्षी पुन्हा एकत्र येण्याची सोय आहे ती यावर थोडं औषध आहे, पण माझ्या हातात असतं तर मी अनुदानातला एक भाग विद्यार्थ्यांच्या प्रवासासाठीच राखून ठेवला असता, दुसऱ्या कशावर खर्च करता येणार नाही असा. प्राध्यापक पडद्यावर बोलून भागवतील. उपकरणाचा स्क्रू किती आवळायचा ते शेजारी उभं राहूनच कळतं.

निवडीबद्दलही शंका घ्यायला जागा आहे. रात्रीतून लिहिणं आणि सकाळी काही मिनिटांत मांडणं, यात चुणचुणीत बोलणारा पुढे जातो. ज्याला विचार करायला आठवडा लागतो, ज्याची इंग्रजी अडखळते, जिचं लहान मूल घरी आहे आणि जिला तीन दिवस बाहेर राहणं हीच मोठी कसरत आहे, त्यांचं काय? ज्येष्ठांनी बैठकीत माणसं जवळून पाहिलेली असतात आणि मग त्यांच्याच मताला वजन असतं. याने कागदी परीक्षणातला कोरडेपणा जातो खरा. पण त्याच वाटेने आवडनिवडही आत येते.

आणि यश मोजायचं कसं? अशा उपक्रमांच्या अहवालांत पुढे मिळालेल्या मोठ्या अनुदानांची बेरीज असते. ती बेरीज पाहून मी तरी फार हुरळून जात नाही. पन्नास जण मुळातच निवडून आणलेले होते. त्यांना बैठकीला न बोलावता नुसते पैसे दिले असते तरी बऱ्याच जणांनी मोठी अनुदानं मिळवली असती. खरी तुलना व्हायची ती बैठकीला आलेल्या पण प्रस्ताव नामंजूर झालेल्या जोड्यांशी. त्यातल्या काहींनी पैशाविनाही काम केलं असेल, आणि तसं असेल तर श्रेय खोलीचं, धनादेशाचं नव्हे. मला स्वतःला हाच निकाल बघायची सर्वांत जास्त उत्सुकता आहे.

राहिला टेन्युअरचा, म्हणजे नोकरीत कायम होण्याचा प्रश्न, ज्यावर अनुदान देणाऱ्याचा थेट ताबा नाही. अमेरिकेत असिस्टंट प्रोफेसरला साधारण सहाव्या वर्षी निर्णयाला सामोरं जावं लागतं. विभागातली समिती विचारते: या पेपरमध्ये तुझं काय? रसायनशास्त्रात आणि जीवशास्त्रात शेवटचं नाव लॅब चालवणाऱ्याचं समजतात. संगणकशास्त्रात परिषदेतल्या पेपरला मान असतो, जो रसायनशास्त्राच्या समितीला मोजायचाच माहीत नसतो. तिघांच्या पेपरला शेवटची जागा एकच. आंतरशाखीय काम करणाऱ्यांचे पेपर संख्येने कमी येतात, पण त्यांचा उल्लेख इतरांकडून जास्त होतो, असं २०१७ च्या एका अमेरिकी अभ्यासात आढळलं होतं. उल्लेख वाढायला वर्षं लागतात आणि समिती बसते सहाव्या वर्षी, तेव्हा तिच्यासमोर फक्त कमी संख्या असते.

यावर काही खर्च न लागणारा उपाय आहे, आणि तो अनुदानपत्रासोबतच करता येतो. गट मंजूर झाला त्याच दिवशी तिघांनी एका पानावर लिहून द्यायचं: कोणत्या पेपरात कोण शेवटचं, डेटा कुणाकडे राहणार, विद्यार्थी कुणाचा, आणि गट फुटला तर कोण काय घेऊन जाणार. अनुदान देणाऱ्याने ते पान जपून ठेवायचं आणि सहाव्या वर्षी, मागितल्यास, विभागाच्या समितीला स्वतःच्या पत्रासोबत पाठवायचं. पैसा मिळाल्याच्या आनंदात असताना ते पान दहा मिनिटांत लिहून होतं. दोन वर्षांनी, पहिला चांगला निष्कर्ष हाती आल्यावर, तेच पान लिहायला तीन महिने आणि एक मैत्री लागते.